पडला तर माझा

सॉलोमन रोहेकर चहा बशीत ओतून गार करायचे, आणि मग तो पुन्हा कपात ओतून प्यायचे.

चष्म्याच्या डाव्या काडीला दोरा गुंडाळलेला होता. तो मळला की बदलत. नवी काडी कधी बसवली नाही.

घरात शिरताना उजव्या चौकटीवरच्या प्रार्थनेच्या लहान डबीला बोट लावत आणि ते बोट ओठांना.

'साधारण' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.

त्यांच्या बायकोच्या, साराकाकूंच्या खोलीचं दार लोटलेलं असे. कडी नसे.

कागदावर आधी सगळी शीर्षकं लिहून काढत, खाली जागा सोडत, आणि मग एकेक भरत जात.

शुक्रवारी दिवा लावायची वेळ झाली की पेन खाली. वाक्य अर्धं असलं तरी. उरलेलं शनिवारी संध्याकाळी, आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर.

ही शेवटची सवय मला बरेच दिवस गमतीची वाटत होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं १९९४ च्या पावसाळ्यात. मी मराठी घेऊन एम. ए. झाले होते. नोकरी नव्हती. पेणला रामवाडीत हमरस्त्यालगत मामाचं टायपिंगचं दुकान होतं, तिथे बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कंपनीत शिफ्ट बदलून मिळावी म्हणून विनंत्या. एक दिवस छत्री झाडत एक उंच म्हातारे आत आले आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार कागद काढले. मराठीत लिहिलेले. त्यांचं इंग्रजी करून टाइप करून हवं होतं.

पहिलं वाक्य होतं: 'डोकं आडवं, काळं, तुकतुकीत, डोळ्यांची लांबी कानशिलाच्या दीडपट.'

मी विचारलं, "हे कोणाचं वर्णन आहे?"

"किड्याचं," ते म्हणाले. "माणसाचं एवढं कोण बघतो?"

पेणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत ते तीस वर्षं मदतनीस होते. रोज रोह्याहून येजा करत. बेडूक आणून देणं, बाटल्यांत स्पिरिट भरणं, किड्यांच्या पेट्या पुसणं हे त्यांचं काम. पेट्या पुसता पुसता ते किडे बघायला शिकले. कॉलेजने मोडीत काढलेला मायक्रोस्कोप त्यांनी विकत घेतला आणि निवृत्तीनंतर घरी, खिडकीपाशी मांडला. त्यांचा सगळा जीव एका कुळात होता. शास्त्रज्ञ त्या भुंग्यांना रोव्ह बीटल म्हणतात. सॉलोमनकाका आखूडपंखी म्हणत. या भुंग्यांच्या पंखांची झाकणं अर्ध्या पाठीवरच संपतात. खालचं पोट उघडं राहतं, आणि घाबरले की ते विंचवाच्या नांगीसारखं वर उचलतात.

वर्णन करताना मी एकदा 'आखूड बंडीसारखी झाकणं' असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं.

"'सारखं' लिवायचं नाय, बाय. किती ते लिवायचं. सारखं म्हटलं की माणूस बघायचं सोडतो."

साहित्याच्या वर्गात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी दर रविवारी नागोठण्यावरून एसटीने रोह्याला जाऊ लागले.

त्यांचं घर इस्रायल आळीत होतं. आळीत चौदा घरं होती, सगळी ज्यूंची. त्यांतली तेरा इस्रायलला किंवा ठाण्याला गेली होती. कोणाच्या ओटीवर आता लाकडाची वखार होती, कोणाच्या पडवीत सायकल दुरुस्ती. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमत नसत, म्हणून काका एकटेच पुटपुटत. मुलगा एझ्रा तिकडे हैफाला होता. दर महिन्याला फोन करून बोलवायचा. काका म्हणायचे, "येतो. एक काम राह्यलंय."

ते काम म्हणजे एक किडा होता.

मातकट रंगाच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या बारीक त्रिकोणांवर डिंकाने चिकटवलेल्या दोन माद्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या. डोकं काळं, छाती लाल, झाकणं राखेच्या रंगाची. त्या वंशातल्या आपल्याकडच्या भुंग्यांची झाकणं निळी असतात. राखी झाकणांचा कुठल्या पुस्तकात नव्हता. काकांनी कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांना लिहिलं. उत्तर आलं: जात नवी दिसते. पण दोन माद्यांवरून नाव देता येणार नाही. नर पाठवा.

"बाहेरून हे सगळे भाऊ भाऊ दिसतात," काकांनी मला समजावलं. "नराच्या पोटाच्या टोकाला आत एक बारीक अवयव असतो. दर जातीचा वेगळा. किल्लीसारखा. एका कुलपाची दुसऱ्याला लागत नाय."

"काका, 'सारखा' म्हणालात."

"बोलताना चालतं. लिवताना नाय."

त्यांच्या कागदावर शेवटचं शीर्षक नेहमी तेच असे. 'किल्ली.'

याआधी त्यांनी गोळा केलेल्या चार नव्या जातींना दुसऱ्यांनी नावं दिली होती. त्याचं त्यांना फारसं वाटत नसे. पण या जातीला त्यांना स्वतः नाव द्यायचं होतं. साराचं.

त्यामुळे नर हवा होता. आणि नर कुठे येतो हे त्यांना माहीत होतं. तो दर वर्षी त्यांच्या घरात येत होता. त्यांना तो पकडता येत नव्हता.

हे मला कळायला वर्ष लागलं. ९५ च्या ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, मी एकदा शुक्रवारी गेले. काकांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, वर खोबरेल ओतलं, वात सोडली. हे काम घरातल्या बाईचं. साराकाकू गेल्यापासून ते करत. दिवा लावून त्यांनी डोळे झाकले आणि प्रार्थना म्हटली. मग खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर.

उजेड अजून होता. तेव्हाच तो आला. कुठून आला ते दिसलं नाही. टेबलावर होता एवढंच. पेल्याच्या काठावर चढला. शेपटी उचलून काठावरून चालू लागला. तीन फेरे. मग खाली उतरला, टेबलाच्या पायावरून जमिनीवर गेला, आणि साराकाकूंच्या खोलीच्या दाराखालून आत गेला.

"पकडा ना," मी म्हटलं.

"शब्बाथ लागलाय."

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, त्यांच्यात काम वर्ज्य असतं. लिहिणं वर्ज्य, विस्तव लावणं वर्ज्य. सापळा लावणं, जीव पकडणं हेही वर्ज्य.

"दुसऱ्या दिवशी लावा ना दिवा. सोमवारी."

ते हसले. "तुला काय वाटतं, मी लावला नसेन?"

चार वर्षं लावला होता. तोच पेला, तेच खोबरेल, तीच वात. सोमवारी लावला, बुधवारी लावला. बल्ब लावून पाहिला. खाडीकडे धरमतरपर्यंत जाऊन मिठागरांचे बांध चाळले. कातकरवाडीतली गंगी पानांचा पाचोळा पोत्यात भरून आणून द्यायची, तो पत्र्यावर पसरून दाणा दाणा पाहिला. एकही मिळाला नाही. शुक्रवारी मात्र यायचा. फक्त कापणीच्या दिवसांत, चार-सहा शुक्रवार.

"खोलीत शोधलात?"

"शनवारी रात्री दर वेळी शोधतो. कोपरे झाडतो. एकदा शुक्रवारी दिवस असतानाच उंबऱ्यावर पीठ भुरभुरलं होतं. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर बघितलं. आत जाणाऱ्या पावलांची बारीक रेघ होती. परत येणारी नव्हती." त्यांनी चष्मा पुसला. "खोलीला दुसरं दार नाय. खिडकी बंद. पण मोजता येत नाय ते मी लिवत नाय."

मग या दोन माद्या कशा मिळाल्या, ते मी विचारलं. दुसरी ९३ मधली होती. तेलात पडून मेली होती. शनिवारी चांदण्या दिसल्यावर त्यांनी ती चिमट्याने काढली. आपण होऊन पडलेल्याला दोष नाही, असा त्यांचा हिशेब. "पडला तर माझा," ते म्हणाले. तेव्हापासून ते दर शुक्रवारी बसून राहत. नर पडेल म्हणून.

पहिलीबद्दल त्यांनी मला लगेच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी दुपारी लेबल दाखवलं. नखाएवढ्या कागदावर काळ्या शाईने: रोहा, ११ ऑक्टोबर १९९१, दिव्यावर, सॉ. रोहेकर. तो शुक्रवार होता.

"तेव्हा मी नेम एवढा पाळत नसे. सारा आत झोपून होती. दिवा तिनेच लावला होता, उठून, धरून धरून. मी इथं बसलेलो. असा किडा जन्मात पाह्यला नव्हता. तिने आतून हाक मारली. मी म्हटलं, आलो. नळी घेतली, किडा आत घातला, बूच लावलं. किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं. आत गेलो तर संपली होती."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

"शिक्षा वगैरे मी मानत नाय. पण शुक्रवारी परत हात लावणार नाय."

गंगी तेव्हा ओटीवर बसून पोतं झटकत होती. ती म्हणाली, "मास्तर, एवढी किडं गोला केलीस, येक दुसरी बायको गोला केली असतीस तर चा तरी आयता मिलला असता."

"तू आलीस का?"

"मी? या किड्यांच्या घरान?" ती माझ्याकडे वळली. "आणि तू गो टायपिनवाली, तुजं लगीन कवा? का तू पन पुठ्ठ्यावर चिटकनार?"

काका मोठ्याने हसले. गंगी मात्र दाराखालच्या फटीकडे बघत होती. संध्याकाळ झाली की ती त्या घरात थांबत नसे.

त्या वर्षी नर पडला नाही.

९६ मध्ये काका खंगले. जिना चढताना थांबू लागले. एझ्राने तिकीट पाठवलं, डिसेंबरचं. या घराला कुलूप लागणार हे ठरलं. म्हणजे ही शेवटची कापणी. काकांनी सगळे कागद नीट लावले. मी मादीचं वर्णन टाइप करून ठेवलं. वर नाव होतं, साराचं, लॅटिन शेपूट लावलेलं. खाली 'नर' या शब्दापुढे कोरं.

पहिले तीन शुक्रवार तो आला, फिरला, गेला. मी तिन्ही वेळा तिथे होते. काका हात गुडघ्यांवर ठेवून बघत. त्यांचे ओठ हलत. मला वाटायचं प्रार्थना म्हणतायत. एकदा कान दिला तर ते मोजत होते. पावलं.

२५ ऑक्टोबरला चौथा शुक्रवार. दिवा लागला. तो आला. काकांना खोकल्याची उबळ आली आणि ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

मी एकटी होते. तो काठावर दुसरा फेरा घेत होता. मी आडवं बोट ठेवलं. तो थांबला. शेपटी वर झाली. मग बोटावर चढला. मी अंगठ्याने त्याला दाबलं, हलकेच, आणि तेलात सोडलं. तो बुडाला नाही. पाय हलवत राहिला. मग थांबला.

आतल्या खोलीत, साराकाकूंच्या खोलीत, काहीतरी टेकल्यासारखा आवाज झाला. एकदाच. मांजर असेल. त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

काका बाहेर आले. पेल्याकडे बघितलं. खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला," मी म्हटलं.

यात खोटं असं काही नव्हतं. तेव्हा मला असं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी ते अंगणात उभे राहून चांदण्या मोजत होते, हे मला गंगीने सांगितलं. रविवारी मी गेले तेव्हा दाढी केलेली होती, सदरा इस्त्रीचा होता. नर पुठ्ठ्यावर चिकटवून झाला होता. "नरच हाय," ते म्हणाले. लहान मुलासारखे हसत होते. हे मी 'सारखे' लिहिते आहे. दुसरं कसं लिहू ते मला कळत नाही.

त्यांनी लेबलाचा कागद कापला. शाईत टाक बुडवला. "रोहा," ते बोलत लिहू लागले. "दिव्यात पडलेला." मग मला म्हणाले, "भिंग दे गो जरा."

मी भिंग दिलं.

उजव्या तर्जनीवर सकाळपासून आग होत होती. मी ती घामोळं समजले होते. त्यांनी भिंग घेतलं आणि माझा हात सोडला नाही. बोटाच्या पेरावर एक लाल पट्टा होता, दोन कडांना बारीक पिवळे फोड. अंगठ्यावर तसाच. समोरासमोर ठेवले तर जुळणारे.

या वंशाच्या भुंग्यांचं रक्त विषारी असतं. अंगावर चिरडला तर लगेच काही होत नाही. दोन दिवसांनी कातडी पोळते. हे मी स्वतः टाइप केलं होतं.

त्यांनी पट्ट्याची लांबी पाहिली. मग हात सोडला.

"दुखतंय?"

"नाही."

"साबणाने धू. चोळू नको."

धुऊन आले तेव्हा टाक पुसून ठेवलेला होता. लेबलाचे दोन तुकडे केले होते. नर आगपेटीत कापूस घालून ठेवला होता. ती आगपेटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"हा तुझा. माझा नाय."

"काका, माझं नाव लिहा लेबलावर. पकडणारी मी. ते तर खरं आहे ना?"

"खरं हाय. शास्त्राला चालेल." त्यांनी आगपेटीवर बोट ठेवलं. "पण त्याला तिचं नाव द्यायचं होतं. तिच्या दिव्यात बुडवून मारलेला, त्याला तिचं नाव कसं देऊ?"

ते रागावले नाहीत. चहा केला. बशीत ओतला, कपात ओतला. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले. "तोंड सुकलंय तुझं," म्हणाले, "एसटीत काही खा."

पुढच्या शुक्रवारी मी गेले नाही. लाज वाटत होती.

शनिवारी, दोन नोव्हेंबरला, सकाळी दुकानात फोन आला. वखारवाल्याचा. गंगी पाचोळा द्यायला गेली होती. काका खुर्चीत होते. हात गुडघ्यांवर.

मी दुपारी पोचले. डॉक्टर येऊन गेले होते. झोपेत हृदय थांबलं असं म्हणाले. पेल्यातलं तेल संपलं होतं. पाणी स्वच्छ होतं, त्यात काही पडलेलं नव्हतं. शनिवार असल्यामुळे दफन दुसऱ्या दिवशी होणार होतं. ठाण्याहून नातेवाईक निघाले होते. गंगी ओटीवर बसून होती. आत जायला तयार नव्हती.

"मंगलवारी मला बोलला," ती म्हणाली, "गंगे, आता नको आणू पोतं. आता बास. मी म्हटलं, शेवटचा आणते. आणल्याबिगर करमत नाय, सवय लागली."

मी चादर सारून त्यांचा हात पाहिला. का पाहिला, सांगता येत नाही. डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, लाल पट्टा होता. कडांना बारीक फोड. डॉक्टरांना तो दिव्याचा चटका वाटला होता.

तो चटका नव्हता. आणि तो पट्टा उठायला दोन दिवस लागतात. म्हणजे किडा त्यांच्या अंगावर शुक्रवारी आला नव्हता. बुधवारी आला होता.

टेबलावर मायक्रोस्कोप होता. शेजारी काचेची नळी, आत ओला कापूस. नळीला लेबल बांधलं होतं. रोहा, ३० ऑक्टोबर १९९६, बुधवार, घरात, मनगटावर. नर. सॉ. रोहेकर.

नळी रिकामी होती. बूच काढून शेजारी उभं ठेवलं होतं.

मी सगळीकडे शोधलं. टेबल, जमीन, पडदे. शेवटी साराकाकूंची खोलीही उघडली. खाट होती, गुंडाळलेली गादी होती, खिडकी बंद होती. खोलीत नुकतंच विझल्यावर येतो तसा तेलाचा वास होता. मी दार लोटून घेतलं.

मला जे सुचतं ते असं. पाच वर्षांनी तो एकदाचा कामाच्या दिवशी आला. काकांनी पकडला. जिवंत ठेवला, म्हणजे हालचालीसकट लिहिता येईल. दोन दिवस पाहिला. मग शुक्रवार मावळू लागला, आणि शब्बाथला कोणाला कोंडून ठेवणं त्यांच्या मनाला पटलं नाही. त्यांनी बूच काढलं. दिवा लावला. बसले. राहिला तर शनिवारी चांदण्या दिसल्यावर पुढचं काम.

बाकीचं मला मोजता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

नळीखाली कागद होता. शीर्षकं सगळी आधीच लिहिलेली, त्यांच्या सवयीने. डोकं, छाती, पंखझाकणं भरून झाली होती. मजकूर स्वच्छ होता, एकही खाडाखोड नव्हती. पेन कागदावर आडवं होतं. टोपण लावलेलं.

आगपेटीतला नर माझ्याजवळ आहे. त्याला लेबल नाही. कलकत्त्याला मी काही पाठवलेलं नाही. दफन झाल्यावर एझ्राने परवानगी दिली म्हणून तो कागद आणला आणि दुकानातल्या मराठी मशिनवर जसाच्या तसा उतरवायला घेतला. मशिनवर तो अजून चढवलेलाच आहे. मामा विचारतात, मी म्हणते, चालू आहे.

शेवटच्या ओळी अशा आहेत:

पोट: कडी एकाच रुंदीची. पाचव्यावर केस दाट, सहाव्यावर विरळ, सातव्यावर

किल्ली: